रविवारी मेस बंद असते

सत्तेचाळीस डबे धुऊन पालथे घातलेत ओट्यावर.
पुढच्या खोलीत आम्ही तिघं:
मी, भाकरी थापणारी इंदरबाई,
आणि सुग्रीव, जो सुट्टीलाही चाकूरला जात नाही.
टीव्हीचे अजून चार हप्ते राहिलेत.
पासवर्ड सुग्रीवचा, रिमोट माझा,
शेंगा इंदरबाईच्या, फोडता फोडता ती विचारते,
"काय निवडायलीस एवढं? तांदूळ हायत का ते?"

ड्रामा असं लिहिलेल्या कप्प्यात शिरले.
तिथे सगळ्यांचे चेहरे अर्धे अंधारात,
कुणी ना कुणी खिडकीशी उभं,
आणि खिडकीबाहेर बहुतेक समुद्र.
आमच्या खिडकीबाहेर क्लासचा फलक,
त्यावर हसणारी दोनशे लेकरं, नावाखाली मार्क.
सुग्रीव त्या खिडकीकडे पाठ करून बसतो.

इंदरबाईसाठी मी मोठ्यानं वाचते:
एक बाप, एक मुलगा आणि वीस वर्षांचा अबोला.
"पुढचं," सुग्रीव म्हणाला.
निकालाच्या आदल्या रात्री एका घरात…
"हे तर नकोच ताई," आणि हसला, उगाच.
दहा वर्षांनी तो परत येतो, आणि तिचं बंद दार…
इथे बटण मीच दाबलं,
जरा जोरातच.
कुणी काही विचारलं नाही.

एका सुखी कुटुंबाला मुळापासून
हादरवून टाकणारी कथा.

शेंग फुटायचा आवाज थांबला.
"हादरणारं नको, माय."

तिचं माहेर किल्लारीच्या अलीकडं. होतं.
नव्या गावात रस्ते सरळ आहेत, एवढंच सांगते ती.
थंडी असो, ऊन असो, दाराच्या तोंडाशी झोपते,
चपला उशाशी.
हे मला सहा वर्षं माहीत आहे,
आणि तरी तो शब्द मी वाचून गेले,
किराणाच्या यादीतला वाचावा तसा.

मग प्रत्येक ओळ आधी मनात वाचू लागले.
"हेलावून टाकणारी चालंल का?"
तिनं विचार केला.
"चालंल की. हेलावायला काय, पाळणा बी हेलावतो."

शेवटी एक सापडला, कुठल्या तरी थंड देशातला.
आई गेल्यावर दोघी बहिणी भांडी वाटून घेतात.
बस, एवढंच. दोन तास दहा मिनिटं.
खालची अक्षरं मी वाचत होते,
इंदरबाई मात्र थोरलीच्या हाताकडे बघत होती,
"हिला परात धरता येईना बघ.
पीठ गार पाण्यात मळायलीये, चिरणारच की कडा."

धाकटी एक वाटी, साधी, पोचे आलेली,
हळूच पर्समध्ये टाकते.
रडण्यासारखं त्यात काही नव्हतं.
सुग्रीव पाणी प्यायला उठला
आणि मोरीतला नळ
बराच वेळ चालू राहिला.

वाटी गेल्याचं थोरलीला कळलं,
ती जिना उतरून खाली आली,
आणि लाईट गेली.

अंधारात तिघं.
बार्शी रोडवरून एक ट्रक गेला, तावदानं वाजली,
इंदरबाईनं माझं मनगट धरलं, सोडलं.
"दिली असंल वाटी," ती म्हणाली, "बहीण हाय."
"नाही देत," सुग्रीव म्हणाला.
"कामून देत न्हाई?"
"आईची आहे म्हणून."
"दोघींचीबी आईच की ती!"
असं भांडत राहिले,
जणू वाटी ह्याच घरातली.

दीडला लाईट आली. दोघं झोपलेली,
एक दाराशी, एक पुस्तकावर.
पडद्यावर विचारणा: पुढे बघायचं का?
आवाज बंद करून मी एकटीनं बघितलं.

पाच वाजता पीठ मळताना,
"दिली का गं वाटी?"
"दिली," म्हणाले.
साडेसातला सुग्रीव डबा न्यायला आला.
"नाही ना दिली, ताई?"
"नाही," म्हणाले,
आणि चटणी जरा जास्त घातली.